पगार कोणाचा, नजर कोणाची? दापोडीची दोनशे वर्षं

हेडफोन नीट लावा, आज आपण दापोडीला जाणार आहोत. कोकणातली दापोली नव्हे हां, आपली पिंपरी-चिंचवडची दापोडी. पिंपरीहून पुण्याकडे येणाऱ्या मेट्रोत फुगेवाडीनंतर जे स्टेशन लागतं ना, तीच.

ऑगस्ट २०२३ पासून ही मेट्रो दापोडीवरून पुढे पुण्यात जायला लागली. दापोडी सोडलं की गाडी मुळा नदी ओलांडते. शेजारी जुना हॅरिस पूल, पलीकडे बोपोडी. अलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका, पलीकडे पुणे महापालिका. डब्यातले बहुतेक जण तेव्हा रील्स बघत असतात. पण एखाद्याने खिडकीतून खाली बघितलंच, तर उन्हाळ्यात पाण्यावर जलपर्णीची हिरवी चादर दिसते आणि जिथे चादर नाही तिथे काळपट पाणी.

याच परिसरात पवना येऊन मुळेला मिळते. म्हणजे कसं, की रावेतच्या बंधाऱ्यावर आपलं शहर पवनेतून प्यायचं पाणी उचलतं, ती नदी पुढे चिंचवड, पिंपरी, कासारवाडी असं करत येते आणि शहरातला तिचा प्रवास दापोडीला संपतो. शहराने नदीचं जे काही केलंय, त्याचा हिशोब दापोडीला दिसतो.

मग साधा प्रश्न पडतो. याच्यावर लक्ष ठेवायचं काम कोणाचं? कारखाने यावेत, रोजगार मिळावा आणि नदीही राहावी, हे बघणारा माणूस नेमका कुठल्या ऑफिसात बसतो? मी याचं उत्तर शोधत मागे मागे गेलो आणि थेट १८१७ मध्ये पोचलो. गंमत म्हणजे या प्रश्नाची दोनशे वर्षांची गोष्ट एकट्या दापोडीतच सापडते. चला, सुरुवातीपासून ऐकूया.

फोर्डची पलटण

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात इंग्रजी पद्धतीने कवायत करणारी एक पलटण उभी केली गेली. तिचा खर्च पेशव्यांच्या तिजोरीतून व्हायचा. तिचा प्रमुख मात्र इंग्रज अधिकारी, फोर्ड. पलटणीचा तळ कुठे? दापोडीला. इंग्रजी कागदपत्रांत गावाचं नाव ‘दापुरी’ असं येतं.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. पेशव्यांचं सैन्य एका बाजूला, कंपनीचं दुसऱ्या बाजूला. आणि दापोडीची ही पलटण? ती निघाली आणि कंपनीच्या फौजेला जाऊन मिळाली.

थोडं थांबा इथे. पगार पेशव्यांचा, लढाई इंग्रजांची. पैसे देणारा एक आणि हुकूम देणारा दुसरा, असं असलं की ऐन वेळी काय होतं याचा हा धडा आहे. मी हा किस्सा मुद्दाम आधी सांगितला, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आपण हाच प्रश्न विचारणार आहोत. पगार कोणाचा आणि हुकूम कोणाचा?

बागेतला डॉक्टर

पेशवाई गेली. फोर्डचा दापोडीचा बंगला आणि त्याभोवतीची जमीन १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारसाठी घेतली. पावसाळ्यात मुंबईत राहणं नको व्हायचं, तेव्हा गव्हर्नरसाहेब इथे मुक्कामाला यायचे. आणि त्याच जागेत माल्कमने एक सरकारी वनस्पती-बाग सुरू केली.

बाग म्हणजे फिरायला जायची बाग डोक्यात आणू नका. ही कामाची बाग होती. इथल्या हवेत कुठली झाडं येतील, त्यातून शेतीला, व्यापाराला, औषधाला काय मिळेल, हे तपासायची जागा. आजच्या भाषेत, प्रादेशिक आर्थिक विकासाचं सरकारी केंद्रच म्हणा ना.

१८३८ पासून या बागेचा कारभार अलेक्झांडर गिब्सन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरकडे आला. त्याआधी त्याच्याकडे दख्खन आणि खानदेशात देवीच्या लसीकरणाचं काम होतं. लस टोचायची तर गावोगाव हिंडावं लागतं. त्यामुळे टेबलावर बसून नकाशा बघणाऱ्या साहेबांपेक्षा त्याला हा मुलूख जास्त ठाऊक होता. जुन्नरजवळ हिवरे इथेही त्याच्या देखरेखीखाली बाग होती. तिथे औषधी वनस्पती लावल्या जायच्या आणि तयार झालेली औषधं सरकारी दवाखान्यांना जायची.

याच गिब्सनने दापोडीच्या बागेतल्या आणि आसपासच्या झाडांची चित्रं काढून घेतली. दीडशेहून जास्त चित्रं आहेत ती, आणि ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ म्हणून ओळखली जातात. आज ती स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढं कळतं, त्याचं नाव मात्र नोंदलेलं नाही. काम करणाऱ्याचं नाव कागदावर न येणं ही काही आजची गोष्ट नाही.

पण गिब्सनची खरी गोष्ट चित्रांच्या पुढे आहे. फिरता फिरता त्याच्या लक्षात आलं की सह्याद्रीत आणि कोकणात जंगल झपाट्याने तुटतंय. डोंगर उघडे पडले की ओढे लवकर आटतात, माती वाहून जाते, खाड्यांमध्ये गाळ साचतो. हे तो सरकारला लिहून कळवत राहिला. शेवटी १८४७ मध्ये मुंबई सरकारने जंगलांवर लक्ष ठेवायला एक अधिकारी नेमला. पदाचं नाव ‘कॉन्झर्व्हेटर ऑफ फॉरेस्ट्स’, म्हणजे वनसंरक्षक. मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक कोण? दापोडीच्या बागेचा हा डॉक्टर!

म्हणजे बघा, मद्रासला असं पद तयार व्हायच्या आणि साऱ्या हिंदुस्थानासाठी वनखातं उभं राहायच्या कितीतरी आधी, पर्यावरणावर सरकारी देखरेख ठेवायची एक मोठी सुरुवात दापोडीशी जोडलेली आहे. आपल्या दापोडीशी! हे शाळेत कोणी सांगितलं होतं का तुम्हाला? मला तरी नाही.

कुऱ्हाडही सरकारची

आता आपला ठरलेला प्रश्न. गिब्सनचा पगार कोणाचा? सरकारचा. आणि लाकूड कोणाला हवं होतं? त्याच सरकारला. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला सागवान लागायचं. १८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे धावली, १८५८ ला खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला, म्हणजे रूळ दापोडीवरूनच गेले. रुळाखाली स्लीपर लागतात, आणि स्लीपर म्हणजे पुन्हा लाकूड.

त्यामुळे वनसंरक्षकाचं काम दुहेरी झालं. जंगल वाचवायचं, पण सरकारला लाकूड कमी पडता कामा नये. या ओढाताणीत मार कोणाला बसला? डोंगरउतारावर झाडोरा जाळून फिरती शेती करणाऱ्यांना. कुमरी म्हणतात त्या शेतीला. त्यांच्यावर बंधनं आली. जंगल कोणामुळे किती तुटलं याचा हिशोब मांडताना, ज्याच्या हातात सर्वात लहान कोयता होता त्याला आधी पकडलं गेलं. हेही लक्षात ठेवा, आपण याच्याकडे परत येणार आहोत.

दापोडीची बाग १८६५ मध्ये बंद झाली आणि काम गणेशखिंडीला हललं. गव्हर्नरसाठीही गणेशखिंडीला नवा वाडा उभा राहिला. आज जिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे ना, तोच. दापोडी पुन्हा गाव झाली.

पेनिसिलीनपासून मेट्रोपर्यंत

स्वातंत्र्यानंतर चित्र भराभर बदललं. १९४८ मध्ये मिलिटरी इंजिनिअरिंगचं कॉलेज रुरकीहून इथे आलं. तेच आपलं सीएमई. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीत उभी राहिली. ज्या लाल डब्यातून तुम्ही आजोळी गेलात, त्याची बॉडी दापोडीत बांधली गेली असण्याची चांगलीच शक्यता आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पेनिसिलीन देशात तयार व्हायला लागलं.

मग १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलं, म्हणजे एमआयडीसी. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी. टेल्को, बजाज, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप्स. मराठवाड्यातून, विदर्भातून, सातारा-सांगलीकडून माणसं आली. तुमच्यापैकी कित्येकांचे आजोबा पत्र्याची ट्रंक घेऊन असेच आले असतील. मी कारखान्यांच्या विरोधात बोलत नाहीये, हे स्पष्ट सांगतो. त्या भोंग्यांवर लाखो घरांच्या चुली पेटल्या.

गावांना मात्र एवढं पेलणारी व्यवस्था नव्हती. म्हणून ४ मार्च १९७० ला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर पहिले नगराध्यक्ष. ११ ऑक्टोबर १९८२ ला तिची महापालिका झाली.

आता एक तारीख शेजारी ठेवा. ७ सप्टेंबर १९७०. या दिवशी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला होता, देशाचा कायदा १९७४ मध्ये आला. म्हणजे राज्य पाच वर्षं पुढे होतं. तर, शहर सांभाळणारी संस्था आणि प्रदूषणावर लक्ष ठेवणारी संस्था एकाच वर्षी जन्माला आल्या. पण दोन वेगळ्या घरांत! एक स्थानिक लोकांनी निवडलेली, दुसरी राज्य सरकारच्या हाताखालची.

एका नाल्याचे चार साहेब

त्याचा परिणाम काय झाला, ते एका उदाहरणाने बघू. समजा भोसरी एमआयडीसीत एक वर्कशॉप आहे. धातूच्या भागांवर मुलामा देण्याचं काम चालतं. प्लॉट कोणी दिला? एमआयडीसीने. बांधकामाचा नकाशा? तोही एमआयडीसीकडे. मालमत्ता कर? महापालिकेकडे. सांडपाणी कुठे, किती, कसं सोडायचं याची परवानगी? प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून. आणि ते पाणी ज्या नदीत जातं, तिची पूररेषा आखणार जलसंपदा विभाग.

आता नाल्यात रंगीत पाणी दिसलं, तर लोक फोन कोणाला करतात? नगरसेवकाला! कारण तोच ओळखीचा. तो सांगतो, हे मंडळाचं काम. मंडळ सांगतं, नाल्यात घरगुती सांडपाणी पण आहे, ते महापालिकेचं काम. दोघंही खोटं बोलत नसतात. हीच खरी अडचण आहे.

आणि घरगुती सांडपाण्याचं प्रकरण लहान समजू नका. फेस दिसला की आपण कारखान्याकडे बोट दाखवतो. पण नदीत जाणाऱ्या घाणीत आपल्या बाथरूमचं, स्वयंपाकघराचं, संडासाचं पाणी फार मोठा वाटा उचलतं. ते शुद्ध करून सोडायची जबाबदारी महापालिकेची. म्हणजे महापालिका एकाच वेळी पहारेकरीसुद्धा आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यातसुद्धा. तिच्यावर लक्ष ठेवणार प्रदूषण मंडळ.

यात भर म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आलं. कामगारांना परवडणारी घरं मिळावीत, शहर आखीव-रेखीव वाढावं, हा हेतू. निगडी प्राधिकरणाचे सेक्टर तुम्ही बघितलेच असतील. २०१५ मध्ये पीएमआरडीए आलं आणि २०२१ मध्ये प्राधिकरणाचं विसर्जन होऊन त्याचा भाग पीएमआरडीए आणि महापालिका यांच्यात वाटला गेला. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं एकाच शहराचं नियोजन तीन संस्था करत होत्या, आपापल्या हद्दीपुरतं. नदीला हद्द कळत नाही, ती सगळ्यांच्या हद्दीतून वाहत आली.

चाकणकडे गेलात तर हा पेच आणखी तिखट होतो. २००९ च्या आसपास तिथे जगातल्या बड्या कार कंपन्या आल्या. शेजारी म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी अशा ग्रामपंचायती. एका बाजूला हजारो कामगारांची फॅक्टरी आणि दुसऱ्या बाजूला ग्रामसेवक, सरपंच आणि कचरा उचलणारा एखादा ट्रॅक्टर. कोण कोणावर लक्ष ठेवणार, सांगा!

ट्रकमागे पैसा

आता येतो आपल्या प्रश्नाचा पहिला भाग. पगार कोणाचा?

वर्षानुवर्षं पिंपरी-चिंचवड महापालिकेला ‘आशियातली सर्वात श्रीमंत महापालिका’ म्हटलं जायचं. बढाईचा भाग सोडा, पण पैसा होता हे खरं. आणि तो यायचा मुख्यतः जकातीतून. शहरात माल घेऊन येणारा ट्रक नाक्यावर थांबायचा, मालाच्या किमतीवर जकात भरायचा आणि पुढे जायचा. कारखाने जोरात चालले की ट्रक वाढणार, ट्रक वाढले की जकात वाढणार. त्या पैशातून रस्ते झाले, उड्डाणपूल झाले, यशवंतराव चव्हाण रुग्णालय झालं, बागा झाल्या. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले लोकही वायसीएममध्ये उपचारांना येतात. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण दुसरी बाजू बघा. ज्याच्या मालावर आपलं बजेट उभं आहे, त्याला ‘थांब’ कोण म्हणणार? कोणी वाईट होतं म्हणून नाही, हिशोबच तसा होता. गिब्सनच्या सरकारला लाकूड हवं होतं, तशी महापालिकेला जकात हवी होती. रखवालदाराची भाकरी त्याच शेतातून यायची.

एप्रिल २०१३ पासून इथली जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. तोही टिकला नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि महापालिकांना राज्याकडून भरपाईचं अनुदान मिळायला लागलं. म्हणजे आता महापालिका कारखान्यावर कमी आणि मंत्रालयावर जास्त अवलंबून झाली. पैसे देणारा बदलला. प्रश्न तसाच राहिला.

मावळ, ९ ऑगस्ट २०११

शहर वाढलं की पाणी लागतं. पवना नदीच्या पात्रातून येणारं पाणी रावेतला उचलण्याऐवजी थेट धरणापासून निगडीपर्यंत बंद पाइपलाइनने आणायचं, अशी महापालिकेची योजना होती. गळती कमी होईल, पाणी स्वच्छ येईल, असं म्हणणं. कागदावर चुकीचं काही दिसत नाही.

पण धरणासाठी जमिनी दिल्या मावळच्या शेतकऱ्यांनी. नदीच्या पात्रातून पाणी वाहतं तेव्हा काठच्या विहिरींना पाझर राहतो, मोटर टाकता येते. पाणी पाइपात गेलं की काठावरच्याला फक्त पाइप दिसणार. त्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला, क्रांतिदिनी, बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्यात एक बाई होती.

योजनेला स्थगिती मिळाली. ती उठली २०२३ मध्ये. मधली बारा वर्षं पाइप पडून राहिले.

मी या प्रकरणात कोणाची बाजू घेऊन निकाल देणार नाही. शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या बाईलाही पाणी हवंच असतं. पण एक गोष्ट दिसते. महापालिकेचे नगरसेवक शहरातल्या मतदारांनी निवडलेले. मावळचा शेतकरी त्यांना मत देत नाही. निर्णयाचा परिणाम त्याच्यावर, पण निर्णय घेणाऱ्याला जाब विचारायची खुर्ची त्याच्याकडे नाही. नदीच्या वरच्या टोकाला मावळ. खालच्या टोकाला दापोडी, आणि तिच्याही खाली उजनी, जिथे हे पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून धरणात जातं, आणि तिथून सोलापूरला प्यायला मिळतं. सोलापूरकराचं मत पिंपरीत चालत नाही.

कुमरी करणारा आठवला का? लहान कोयतेवाला?

३१ जुलै

एवढं ऐकून वाटेल की कायदाच नाही. आहे ना! चांगला आहे.

१ जून १९९३ ला ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिने घटनेला बारावी अनुसूची जोडली. शहरांच्या स्थानिक संस्थांकडे कोणती कामं देता येतील, याची १८ विषयांची यादी आहे ती. त्यात तिसरा विषय आर्थिक आणि सामाजिक विकासाचं नियोजन. आणि आठवा विषय नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचं रक्षण. दोन्ही एकाच यादीत! दापोडीच्या बागेत १८३८ ला जे दोन धागे एका डॉक्टरच्या हातात होते, ते घटनेने आपल्या महापालिकेच्या हातात देऊ केले.

त्याच सुमारास राज्याच्या महापालिका कायद्यात एक कलम आलं. कलम ६७-ए. ते सांगतं की आयुक्ताने दरवर्षी ३१ जुलैच्या आत, मागच्या वर्षातल्या शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा. पाणी, हवा, आवाज, कचरा, झाडं, सगळं. यालाच पर्यावरण सद्यस्थिती अहवाल म्हणतात.

यातला ‘महापालिकेपुढे’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. आयुक्त हा सरकारने पाठवलेला अधिकारी. महापालिका म्हणजे निवडून आलेल्या लोकांची सभा. अधिकाऱ्याने लिहायचं आणि लोकांच्या प्रतिनिधींनी वाचून प्रश्न विचारायचे, ही त्यामागची कल्पना. लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा.

आता ऐका काय झालं. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१७ ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणुका लांबल्या. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा. तीन वर्षांहून जास्त काळ महापालिकेवर प्रशासक होता. आणि प्रशासक कोण? आयुक्तच.

म्हणजे ३१ जुलै आला की आयुक्ताने अहवाल तयार करायचा आणि तो कोणापुढे ठेवायचा? प्रशासकापुढे. खुर्ची तीच, माणूस तोच. प्रश्नपत्रिका काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच. अहवालात काही खोटं असतं असा आरोप मी करत नाही. मुद्दा वेगळा आहे. हात वर करून ‘साहेब, पान नंबर अमुकवर हा आकडा मागच्या वर्षीपेक्षा कमी कसा झाला?’ असं विचारायला समोर कोणी निवडून आलेलं नव्हतंच. तसं १९८२ ला महापालिका झाली तेव्हाही पहिली निवडणूक व्हायला १९८६ उजाडलं होतं.

याच काळात नद्यांचं काय चाललं होतं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात. मुळा, पवना, इंद्रायणी, आपल्या तिन्ही नद्या यादीत. आणि चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बंगले उभे राहिले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ते पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात तो कायम झाला आणि १७ मे २०२५ ला महापालिकेने ३६ बंगले जमीनदोस्त केले. रेषा नकाशावर होती, बंगले जमिनीवर चढत होते. जोत्यापर्यंत काम आलं तेव्हा कोणी बघितलं असतं, तर लोकांची आयुष्यभराची कमाई ढिगाऱ्यात गेली नसती. उशिरा ठेवलेली नजर किती महाग पडते, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

मग आपण काय करायचं?

‘नागरिकांनी जागरूक व्हावं’ असलं गुळमुळीत वाक्य टाकून मी पळणार नाही. तीन ठोस गोष्टी सांगतो, तिन्ही मोबाईलवरून जमतात.

एक. आपल्या महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल शोधा. वेबसाइटवर नसेल तर माहिती अधिकारात मागा, २००५ पासून तो हक्क आहे आणि अर्जाची फी १० रुपये. सगळा वाचू नका, झोप येईल. फक्त सांडपाण्याचं पान काढा. शहरात सांडपाणी किती तयार होतं, शुद्धीकरण केंद्रांची क्षमता किती आणि प्रत्यक्षात शुद्ध किती होतं, हे तीन आकडे बघा. मागच्या वर्षीचे तेच तीन आकडे शेजारी लिहा.

दोन. झाड तोडायला परवानगी मागितली की त्या झाडावर नोटीस लागते आणि लोकांना हरकत घेता येते. १९७५ च्या झाडांच्या कायद्यातली ही सोय आहे. जाता-येता झाडावर कागद दिसला, तर जाहिरात समजून पुढे जाऊ नका. वाचा, फोटो काढा, मुदतीत हरकत पाठवा. गिब्सनला असा कागद मिळाला असता तर त्याने उडीच मारली असती. त्याच्या काळात झाडाबद्दल हरकत घ्यायचा हक्क गावकऱ्याला नव्हता. तुम्हाला आहे.

तीन. तुमच्या प्रभागात मत मागायला कोणी आलं, की रस्ता-गटार-दिवाबत्तीबरोबर एक प्रश्न विचारा. ‘३१ जुलैचा अहवाल वाचता का?’ ‘कसला अहवाल?’ असं उत्तर आलं, तर निदान तुम्हाला कळेल की तुम्ही कोणाला निवडताय. आणि त्यालाही कळेल की हे कोणीतरी विचारतं.

हॅरिस पुलावर उभं राहून या सगळ्याचा विचार केला, तेव्हा मला फोर्डच्या पलटणीपेक्षा त्या नाव नसलेल्या चित्रकाराची जास्त आठवण झाली. त्याच्याकडे ना अधिकार होता ना हुद्दा. समोर जे झाड होतं ते त्याने नीट बघितलं आणि जसंच्या तसं कागदावर उतरवलं. पावणेदोनशे वर्षांनी आज दापोडीत तेव्हा काय उगवत होतं हे आपल्याला कळतं, ते त्याच्यामुळे. नदीचं पण असंच नीट बघून लिहून ठेवायला कोणीतरी लागतं, आणि लिहिलेलं वाचायलाही.

तर मंडळी, तुमच्या शहराचा अहवाल सापडला का, त्यातले ते तीन आकडे काय निघाले, हे मला नक्की कळवा. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवर एक वेगळा भाग करायचा विचार आहे. पुढच्या भागात आपण पवनेच्या उलट्या दिशेने जाऊ, धरणाच्या भिंतीपर्यंत. ज्यांची गावं त्या पाण्याखाली गेली त्यांच्या गोष्टी ऐकायच्या आहेत. तोपर्यंत काळजी घ्या, आणि पुढच्या वेळी मेट्रो दापोडीवरून निघाली की मिनिटभर मोबाईल खाली ठेवून खिडकीतून बघा. भेटूच!